ट्राउटला काय दिसते?

मराठीत एक अडचण आहे. ‘माशांचा अभ्यास’ असे म्हटले, की तो मासे या प्राण्यांचा की माशी या कीटकाचा, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. षष्ठीच्या अनेकवचनात दोघेही एक होऊन जातात. एरवी आम्ही याचा विचारही केला नसता. पण आज जी हकिकत सांगायची आहे ती नेमकी या दोघांच्या संबंधाची आहे. एक पाण्यात राहतो, दुसरी पाण्यावर उतरते, आणि पहिला दुसरीला खातो. म्हणून या लेखापुरते ठरवून टाकू : मासा म्हणजे ‘ट्राउट’, आणि माशी शक्यतो एकवचनात, नाहीतर ‘कीटक’.

ऑगस्टचा शेवट आहे. दक्षिण इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात विंचेस्टर शहराजवळून इचेन नावाची नदी वाहते. आपल्या मनात नदी म्हटले की पावसाळ्यात गढूळ आणि वैशाखात कोरडी, असे चित्र उभे राहते. इचेन तशी नाही. ती खडूच्या टेकड्यांतून झिरपलेल्या पाण्यावर चालते. पावसाचे पाणी खडकात मुरते, महिनोन्‌महिने आत राहते आणि झऱ्यांनी बाहेर येते. त्यामुळे झऱ्याशी तिचे तापमान वर्षभर १० ते ११ अंश सेल्सियसच्या आसपास असते. आपल्या खोल विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागते, त्याचे कारणही हेच. ट्राउटला अशा पाण्याची गरज का, हे एका आकड्याने कळेल. १० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना फक्त ७.५. पाणी तापले की ट्राउटचा श्वास महाग होतो. पंचविशीच्या आसपास तो जगणेच कठीण. इंग्रजांनी १९०० मध्ये त्याची अंडी आणून काश्मीरच्या ओढ्यांत तो वाढवला, निलगिरीतही नेला. आपल्या गोदावरी-कृष्णेत मात्र त्याला जागा नाही.

उन्हाळा सरताना इचेनचे पाणी उतरलेले, काचेसारखे स्वच्छ असते. दुपारभर काठावर शांतता. संध्याकाळी पाण्यातून नाजूक पंखांचे, लांब शेपट्यांचे कीटक वर येऊ लागतात, आणि मग पाण्यावर एकेक वर्तुळ उमटते. ट्राउट जेवायला बसला.

काठावर लांब लवचिक काठी घेतलेला माणूस उभा असतो. त्याच्या गळाला गांडूळ नाही की पिठाची गोळी नाही. पिसे, लोकर आणि रेशमाचा धागा आकड्यावर गुंडाळून केलेली नकली माशी आहे. ही कला जुनी आहे. इ.स. २०० च्या सुमारास एलियन या लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवरची हकिकत लिहून ठेवली आहे. तिथले लोक आकड्यावर लाल लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे जोडत. खरी माशी का लावत नसत? तर हात लागताच तिचा रंग जातो आणि ती चुरगळते, असे एलियन सांगतो. म्हणजे नक्कल आली ती हौसेने नव्हे, अडचणीतून.

पण नक्कल कुणासाठी करायची? बघणाऱ्या माणसासाठी की खाणाऱ्या ट्राउटसाठी? हा प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर शोधायला पुढे शेकडो वर्षे लागली, आणि मधल्या काळात फार विद्वान माणसे त्यात घसरली.

त्यातला आमचा आवडता माणूस म्हणजे आल्फ्रेड रोनाल्ड्स (१८०२–१८६०). त्याचा मोठा भाऊ फ्रान्सिस याने १८१६ मध्ये आपल्या बागेत आठ मैल तार ताणून विजेचा तारायंत्राचा प्रयोग करून दाखवला होता, आणि ब्रिटिश नौदलाने ‘असल्या यंत्राची गरज नाही’ म्हणून त्याला वाटेला लावले होते. आल्फ्रेडला नदीचे वेड. स्टॅफर्डशायरमध्ये ब्लाइद नावाच्या लहान नदीवर त्याने पाण्यावर झुकलेली एक झोपडी बांधली. तिच्या खिडकीतून खालचे ट्राउट दिसत, ट्राउटना तो दिसत नसे. तिथे बसून त्याने काय केले? आजच्या भाषेत सांगायचे तर वर्तनाचे प्रयोग केले.

पहिला प्रश्न : ट्राउटला ऐकू येते का? त्याने आपल्या एका पाद्रीमित्राला आडोशाला उभे केले, आधी आरडाओरडा करायला लावला आणि मग बंदूक उडवायला सांगितली. खाली ट्राउट होता तसाच स्थिर. शेपूटही वेगळी हलली नाही. पाद्री लपलेला होता हे महत्त्वाचे. तो दिसला असता तर ट्राउट आवाजाने दचकला की हालचालीने, हे कळले नसते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा धडा आपण नववीच्या वर्गात फळ्यावर लिहितो. रोनाल्ड्सने तो नदीकाठी गिरवला.

दुसरा प्रश्न चवीचा. एका ट्राउटसमोर त्याने मेलेल्या दहा घरमाश्या एकामागून एक टाकल्या. त्याने सगळ्या खाल्ल्या. मग आणखी तीस टाकल्या, पण यांना लाल तिखट आणि मोहरी चोपडलेली. त्या तिसांचाही त्याने फडशा पाडला, आणि त्यातल्या वीस तर पाण्याला टेकताक्षणी. दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा भुकेली हजर!

यावरून रोनाल्ड्सने ट्राउटचे कान आणि जीभ दोन्ही मंद ठरवून टाकली. प्रयोग नीट, निरीक्षण खरे. अनुमान मात्र दोन्हीकडे तपासायला हवे, आणि आम्हाला वाटते वर्गात चर्चेला घेण्यासारखा भाग हाच आहे.

आधी तिखट. मिरचीचा तिखटपणा ही चव नव्हेच. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णतेची आणि वेदनेची जाणीव करून देणाऱ्या तंतूंना चेतवते, म्हणून आपल्याला भाजल्यासारखे होते. ज्या प्राण्याच्या या तंतूंवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही, त्याला तिखट लागत नाही. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची चवीने खातो ना? त्यावरून ‘पोपटाला चव नाही’ असे आपण म्हणत नाही. आपल्या जिभेची कसोटी दुसऱ्याच्या जिभेला लावण्यात चूक झाली.

आता आवाज. ट्राउटला आतले कान असतात, शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातली हालचाल टिपणारी रेषा असते. तो बहिरा नाही. मग बंदूक का ऐकू आली नाही? कारण हवेतला आवाज पाण्यावर आदळला की त्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. हजारातला जेमतेम एक भाग खाली जातो. काठावर बोललेले ट्राउटपर्यंत पोचत नाही. पण पाय आपटून चाललात तर हादरा जमिनीतून सरळ पाण्यात उतरतो आणि ट्राउट पसार होतो. गळ टाकणारे जुने लोक ‘बोला, पण चालू नका’ अशा अर्थाचे काही सांगत, त्यात तथ्य होते.

इथे एक पुरवणी जोडायला हवी. १९२३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी (मधमाशीच्या नृत्याचे संशोधन करणारे तेच) शिटी वाजवली की जवळ येणाऱ्या एका लहानशा मार्जारमीनाची हकिकत प्रसिद्ध केली. मासा आंधळा केलेला होता, म्हणजे शिटी वाजवणारा त्याला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. शिटी हवेतच वाजली होती. मग याला कशी ऐकू आली? मार्जारमीनाच्या जातीत हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. तिच्यामुळे क्षीण आवाजही त्याला पुरतो. ट्राउटमध्ये ही साखळी नाही. रोनाल्ड्सने ब्लाइद नदीवर मार्जारमीन पाळला असता तर त्याचा निष्कर्ष उलटा आला असता.

१८३६ मध्ये रोनाल्ड्सने सगळे पुस्तकात मांडले. नाव, मराठीत सांगायचे तर, ‘माशी लावून गळ टाकणाऱ्याचे कीटकशास्त्र’. सत्तेचाळीस नकली माश्या, प्रत्येकीशेजारी ती ज्या खऱ्या कीटकाची नक्कल आहे त्याचे रंगीत चित्र आणि शास्त्रीय ओळख, आणि कोणता कीटक कोणत्या महिन्यात येतो त्याचा हिशेब. तांब्याच्या पत्र्यांवरची चित्रे त्याने स्वतः कोरली. त्याच्या आधी प्रत्येक गावाची माशीची नावे वेगळी होती. या पुस्तकाने ती एका सूत्रात बांधली, आणि विसाव्या शतकापर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. रोनाल्ड्स स्वतः पुढे ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथेच वारला.

या पुस्तकात एक आकृती आहे, जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. ट्राउटला काठावरचा माणूस कुठे दिसतो, ते प्रकाशाच्या अपवर्तनाने दाखवणारी. वाटीत नाणे ठेवून पाणी ओतले की नाणे वर आल्यासारखे दिसते, हा प्रयोग आपण सगळेच करतो. रोनाल्ड्सने वाटी उलटी केली म्हणा ना. नाण्याच्या जागी बसून वर पाहिले तर?

पाण्याचा क्रांतिक कोन ४८.६ अंश आहे. म्हणून पाण्याखालून वर पाहणाऱ्याला बाहेरचे सगळे जग, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत, सुमारे ९७ अंशांच्या शंकूत कोंबलेले दिसते. पृष्ठभागावर त्याची एक गोल खिडकी होते. तिचा व्यास खोलीच्या सुमारे सव्वादोन पट. ट्राउट ३० सेंटिमीटर खोल असेल तर खिडकी ६८ सेंटिमीटरची, १० सेंटिमीटरवर आला तर फक्त २३ सेंटिमीटरची. जितका वर, तितके जग लहान! खिडकीच्या बाहेरचा पृष्ठभाग पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे आरसा होतो आणि त्यात नदीचा तळ उलटा दिसतो.

खिडकीच्या कडेला आणखी गंमत आहे. क्षितिजालगतचे १० अंश पाण्याखाली जेमतेम एका अंशात दाबले जातात. दहा मीटरवर पाण्याच्या पातळीला उभा असलेला पावणेसहा फुटी माणूस बरोबर त्या १० अंशांत मावतो. म्हणजे ट्राउटच्या लेखी तो खिडकीच्या चौकटीवरची एक चपटी रेघ. तो आणखी पुढे आला किंवा उंच काठावर चढला की रेघेची आकृती होते. गुडघे टेकून गळ टाकणारे लोक नम्र नसतात, त्यांना स्नेलचा नियम पाठ असतो, निदान अंगवळणी तरी पडलेला असतो.

शाळेत मत्स्यपेटी असेल तर हे दाखवणे सोपे आहे. पेटीच्या बाजूच्या काचेतून, पाण्याच्या पातळीखाली डोळा नेऊन तिरपे वर पाहा. पृष्ठभाग पाऱ्यासारखा चमकतो आणि तळाची वाळू त्यात दिसते. आता वरून हलकेच एक सुई पाण्यावर तरंगत ठेवा. सुई दिसत नाही! दिसतो तो तिने पृष्ठताणावर पाडलेला खळगा, प्रकाशाच्या कडेसकट. आठवीच्या मुलांना आम्ही हे दाखवले तेव्हा एका मुलीने विचारले, “म्हणजे माशीचे फक्त पाय दिसणार?” बरोबर. वाहत येणारा कीटक ट्राउटला आधी आरशातल्या सहा चमकत्या ठिपक्यांसारखा दिसतो. खिडकीच्या कडेशी पोचला की पंख दिसू लागतात, आणि रंग कळायचा तो सगळ्यांत शेवटी, तोही उजेडाच्या विरुद्ध.

हे डोक्यात ठेवून पुढचा माणूस पाहू. फ्रेडरिक हॅलफर्ड (१८४४–१९१४) हा श्रीमंत व्यापारी घराण्यातला. १८७९ मध्ये विंचेस्टरच्या एका दुकानात त्याची जॉर्ज मॅरियट या जाणकाराशी गाठ पडली आणि दोघांनी वर्षानुवर्षे नदीकाठी काम केले. १८८६ आणि १८८९ मध्ये हॅलफर्डची दोन पुस्तके आली. त्याचे म्हणणे असे : पाण्यावर तरंगणारी, कोरडी माशीच वापरावी. आधी ट्राउट खाताना दिसावा, तो काय खातो ते ओळखावे, त्याची हुबेहूब नक्कल त्याच्यासमोर तरंगत न्यावी. अंदाजे गळ टाकत बसणाऱ्यांच्या तुलनेत ही पद्धत निश्चितच शास्त्रीय होती. पण दोन गोष्टी बिघडल्या.

एक म्हणजे हुबेहूबपणाचा हट्ट. १९१० च्या पुस्तकात त्याने तेहतीस माश्या दिल्या, नर-मादी वेगळ्या, आणि प्रत्येकीचे रंग छापील रंगतक्त्याशी ताडून. तक्ता पाहणारा डोळा मात्र माणसाचा, कीटक तळहातावर, उजेड समोरून. खिडकीच्या भूमितीत यातले काहीच बसत नाही. शिवाय ट्राउटचा डोळा आपला नव्हे. लहान तपकिरी ट्राउटच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या चार प्रकारच्या पेशी असतात, त्यातल्या अतिनील किरणांना संवेदनशील पेशी मोठेपणी नाहीशा होतात, हे १९८७ मध्ये कळले. आपल्या डोळ्यात तीनच प्रकार. हॅलफर्डला हे माहीत असणे शक्य नव्हते, त्याला दोष नाही. पण कीटक खालून, उजेडाविरुद्ध पाहण्याची युक्ती करायला अतिनील किरण लागत नाहीत. ती विमानांचे आराखडे करणाऱ्या जे. डब्ल्यू. डन यांनी १९२४ मध्ये केली. त्यांनी आकड्याला पांढरा रंग दिला, वर कृत्रिम रेशीम गुंडाळले आणि तेल लावले. तेलाने रेशीम अर्धपारदर्शक होते आणि उजेड त्यातून खऱ्या कीटकाच्या अंगासारखा झिरपतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ‘या नद्यांवर कोरडी माशी चांगली चालते’ हे निरीक्षण होते. हॅलफर्डच्या अनुयायांच्या हातात त्याचे ‘कोरडी माशीच वापरली पाहिजे, दुसरे काही वापरणे सभ्य माणसाला शोभत नाही’ असे झाले. निरीक्षणाचा नियम झाला आणि नियमाचा सोवळेपणा.

जॉर्ज स्क्यूज (१८५८–१९४९) हा लंडनमधला वकील. विंचेस्टरलाच शिकलेला. १८८३ पासून तो इचेनच्या ॲबट्स बार्टन या पट्ट्यावर गळ टाकी. सुरुवातीला तोही हॅलफर्डचा भक्त होता. पण कधीकधी त्याची माशी भिजून बुडे आणि नेमकी तेव्हाच ट्राउट घेई. असे एकदा झाले तर योगायोग म्हणू. पुन्हा पुन्हा झाले तेव्हा त्याने तपास सुरू केला. त्याचे साधन स्वयंपाकघरातले होते : हाडातला गर काढायचा लांब अरुंद चमचा. पकडून मारलेल्या ट्राउटच्या घशातून तो आत घालून जठरातले खाद्य काढायचे आणि पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात पसरायचे. गोळा सुटा होतो आणि एकेक कीटक ओळखता येतो.

बशीत काय निघाले? पंखवाले कीटक थोडे, आणि निम्फ पुष्कळ. निम्फ म्हणजे या कीटकांची पाण्यातली अवस्था. मेफ्लाय वर्गातला कीटक काही महिने, काही जातींत दोन वर्षे, निम्फ म्हणून तळाशी काढतो. मग वर पोहत येतो, पृष्ठभागाशी कात टाकतो आणि पंख घेऊन उडतो. नंतर तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख आल्यावर कात टाकणारा कीटकांतला हा एकच वर्ग. प्रौढाला खाण्यासाठी कामाचे तोंड नसते. काही तासांचे, फार तर एकदोन दिवसांचे आयुष्य. ट्राउटच्या दृष्टीने पाहा : तो निम्फ म्हणून महिनोन्‌महिने हाताशी आणि पंखवाला म्हणून पळभर. शिवाय वर येणारा निम्फ पृष्ठभागाच्या इंचभर खाली घेतला तरी पाण्यावर वर्तुळ उमटतेच. काठावरच्या माणसाला वाटते, वरचा कीटक घेतला!

खरे तर हॅलफर्ड आणि मॅरियट यांनीही ट्राउटची पोटे उघडून पाहिली होती. त्यांनाही निम्फ सापडले होते. पुरावा दोघांसमोर तोच. हॅलफर्डने तो नोंदवला आणि बाजूला ठेवला, कारण निम्फची नक्कल करता येईल असे त्याला वाटत नव्हते. स्क्यूजने करून पाहिली. १९१० आणि १९२१ च्या पुस्तकांत त्याने आपली पद्धत मांडली. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात याचा फरक फार पडे. वर तरंगणारा कीटक नाही म्हणून सोवळे मंडळी दिवसभर काठावर पाइप ओढत बसत, आणि स्क्यूज त्यांच्या डोळ्यांदेखत ट्राउट काढी. एवढे कोण सहन करील?

फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर जाहीर चर्चा झाली. स्क्यूज तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा. निम्फ वापरणे योग्य की अयोग्य, यावर एकामागून एक वक्ते उठले. निम्फने ट्राउट मिळत नाही असे म्हणायची सोय उरली नव्हती. म्हणून आक्षेप शिष्टाचाराचे, लहान ट्राउट मारले जातात असे. बशीतल्या पुराव्याला उत्तर कुणी दिले नाही. मतदान असो वा नसो, वातावरण विरोधातच होते. त्याच वर्षी स्क्यूजने पंचावन्न वर्षांचा ॲबट्स बार्टनचा पट्टा सोडला. पुढच्या वर्षी निम्फवर त्याचे आणखी एक पुस्तक आले.

म्हातारपणी स्क्यूजचा पत्रव्यवहार फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) या माणसाशी होता. सॉयर एव्हन नदीवर, नेदरएव्हन गावी नदीराखा होता. तण काढणे, काठ सांभाळणे हे त्याचे पोटाचे काम. निम्फचे निरीक्षण करायला ज्यांनी त्याला उत्तेजन दिले त्यांत अलाहाबाद उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स होते. सॉयर रोज पाण्याशी असे, आणि रोज पाहिल्याने त्याला एक साधी गोष्ट दिसली. पोहताना निम्फ आपले पाय अंगाशी मिटून घेतो. मग नकली निम्फला पायांची पिसे कशाला? त्याने पिसे काढून टाकली. धागाही टाकला. तांब्याची बारीक तार आणि फेजंट पक्ष्याच्या शेपटीचे चार तंतू, एवढ्यावर त्याचा निम्फ तयार होई. तारेच्या वजनाने तो बुडे, आणि दोरीला हलका झटका दिला की वर पोहत येणाऱ्या निम्फसारखा उठे. १९५८ च्या त्याच्या पुस्तकात हे सगळे आहे. रंगतक्त्यात बसवायला गेलात तर त्या निम्फला धड रंगही नाही. जगभर ट्राउटसाठी गळ टाकणाऱ्यांच्या डबीत तो आजही असतो.